उशिरा कळणाऱ्या चुका : घरच्या घरी एटीव्ही खोलताना

यंत्र दुरुस्त करताना होणाऱ्या चुकांची प्रतवारी आपण सहसा नुकसानीवरून लावतो. बोट चेंगरले ही किरकोळ चूक, इंजिन बसले ही मोठी. खर्चाचा हिशेब मांडायला ही रीत ठीक आहे; पण चूक कुठे शिरली आणि कुठे अडवता आली असती, हे तिच्यातून उमगत नाही. त्यासाठी वेगळा निकष घ्यावा लागतो: चूक हातून घडली तेव्हापासून ती ध्यानात आली तोपर्यंत मध्ये किती काळ गेला? या काळाला इथे ‘उशीर’ म्हटले आहे. घरगुती दुरुस्तीतली बहुतेक नासधूस कौशल्याच्या अभावापेक्षा या उशिराशी जास्त निगडित असते, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहायला ऑल टेरेन व्हेइकल, म्हणजे एटीव्ही किंवा क्वाड बाइक, हे यंत्र फार सोयीचे आहे.

सोयीचे अशासाठी, की हे वाहन मालकाच्या हाताखालीच वाढलेले आहे. होंडाने १९७० साली अमेरिकेत ‘यूएस९०’ ही फुगीर, कमी हवेच्या टायरची तीनचाकी आणली. पुढे चारचाकी आल्या. तीनचाकी उलटण्याचे अपघात वाढल्यावर १९८८ मध्ये उत्पादक आणि अमेरिकी सरकार यांच्यात समझोता होऊन तीनचाकींची विक्री थांबली. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा राज्यांत शेतावरची ओझी, शिकार, हिवाळ्यात दारापुढचे बर्फ ढकलणे अशा कामांना एटीव्ही वापरतात. तिला नियमित सरकारी तपासणी सहसा लागत नाही. डीलर लांब, त्याच्या मजुरीचा दर चढा, आणि घराला लागूनच गॅरेज. तेव्हा तेल बदलण्यापासून क्लच उतरवण्यापर्यंत सारे काम मालकच करतो. आपल्याकडे हे वाहन नागावसारख्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवताना दिसते; खारे पाणी आणि वाळू यांचा विषय पुढे निघेल, तेव्हा त्याची आठवण ठेवावी.

खोलण्याची वाट एक, जोडण्याच्या हजारो

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मानवी चुकांचा अभ्यास करताना एक साधे उदाहरण दिले आहे. एका बोल्टवर आठ नट आहेत आणि प्रत्येकावर अक्षर आहे. ते काढण्याचा क्रम एकच असू शकतो. परत चढवण्याचे क्रम मात्र ४०,३२०, आणि त्यांतला बरोबर फक्त एक. खोलताना यंत्रच वाट दाखवते: पुढचा भाग निघाल्याशिवाय मागचा निघत नाही. जोडताना ही शिस्त सुटते. वायसर विसरला तरी झाकण बसते. स्प्रिंग उलटी गेली तरी बोल्ट आवळले जातात. यंत्र तक्रार करत नाही, म्हणजे काम झाले असे माणूस समजतो.

म्हणून चूक जोडताना होते आणि कळते मात्र कधीतरी नंतर. हे ‘नंतर’ चार टप्प्यांत येते: त्याच क्षणी, इंजिन सुरू करताना, पहिल्या फेरीत, आणि महिन्यांनी. टप्पे काटेकोर नाहीत. एकच चूक दोन ठिकाणी मोडू शकते. पण प्रत्येक टप्प्यामागची कारणे निराळी आहेत, आणि इलाजही.

त्याच क्षणी

उशीर शून्य असलेल्या चुका मोजक्या आहेत, पण माणसाला इजा करणाऱ्या बऱ्याचशा याच. चूक कळते तेव्हा सावरायला वेळच उरलेला नसतो.

पहिली जॅकची. कामाची एटीव्ही तीनशे किलोच्या पुढे जाते, स्पोर्ट जातीची पावणेदोनशेच्या आसपास. मोटारीच्या मानाने वजन कमी म्हणून जॅकबरोबर गाडीखाली घोडी लावायचा कंटाळा केला जातो. खरी गफलत मात्र हँडब्रेकची असते. स्पोर्ट क्वाडला मागे डिफरन्शियल नसते. दोन्ही चाके एका सलग अॅक्सलवर, आणि हँडब्रेकही त्याच अॅक्सलवर. मागची बाजू उचलली की ब्रेक लावलेली चाके अधांतरी आणि जमिनीवरची पुढची दोन पूर्ण मोकळी. पाणी वाहून जावे म्हणून गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतो. ब्रेक ओढला आहे या भरवशावर असलेला माणूस खाली हात घालतो आणि गाडी जॅकवरून पुढे घरंगळते. एकच मागचे चाक उचलून, गिअरमध्ये ठेवून, चेन फिरते का पाहण्यासाठी इंजिन सुरू करणे हा याचाच दुसरा प्रकार: सलग अॅक्सलमुळे जमिनीवरचे चाक गाडीला जॅकवरून ढकलून देते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले की हा विषय संपतो.

दुसरी पेट्रोलची. कार्बोरेटर उतरवताना फ्लोट बाउलमधले थोडेसे पेट्रोल सांडते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत जाते आणि उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते. अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेजांत गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब असतो आणि जुन्या बंबांत छोटी ज्योत सतत जळत असते. तिथल्या नियमांनुसार गॅरेजमधली ज्योत वा ठिणगी फरशीपासून १८ इंच वर असावी लागते. हे १८ इंच वाफेच्या जमिनीलगत पसरण्यावरूनच ठरले आहेत. माणसाचे नाक त्याहून बरेच वर असते. हिवाळ्यात दार बंद करून इंजिन चालू ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. तो वास देत नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. दार अर्धे उघडे ठेवल्याने धोका टळत नाही. गाडी बाहेर ढकलूनच सुरू करावी लागते.

तिसरी टायरची, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. एटीव्हीचा टायर ५ पीएसआयच्या आसपास चालतो, म्हणून त्याचे दडपण वाटत नाही. पण नवा टायर रिमवर बसवताना त्याची कड खाचेत जाईपर्यंत हवा वाढवावी लागते. २५ इंची टायर आणि १२ इंची रिम धरली तर एका बाजूच्या भिंतीचे क्षेत्रफळ साधारण २,४०० चौरस सेंटिमीटर येते. ५ पीएसआयला तिच्यावर सुमारे साडेआठशे किलोचा भार पडतो. ३६ पीएसआयला तो सहा टनांवर जातो. कड बसत नाही म्हणून कॉम्प्रेसरची नळी तशीच लावून ठेवणारा माणूस या सहा टनांवर ओणवा झालेला असतो. टायरच्या भिंतीवर कमाल दाब छापलेला असतो. तो गाठूनही कड बसली नाही, तर हवा सोडून साबणाचे पाणी लावायचे असते. दाब वाढवायचा नसतो.

बॅटरीचे थोडक्यात. धनाग्राचा नट सोडवताना पाना चेसिसला टेकला की शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात. बोटात अंगठी असेल तर तिच्यातून. ऋणाग्र आधी काढावे आणि शेवटी लावावे, हे प्रत्येक माहितीपुस्तकात लिहिलेले असते.

इंजिन सुरू करताना

या टप्प्यातल्या चुका तुलनेने दयाळू असतात. आवाज, धूर, गळती यांतून काहीतरी दिसते. व्हॉल्व्हच्या फटीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

चार-स्ट्रोक इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याच्या आसपास फट ठेवतात. ती मोजण्यासाठी पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी, अगदी वर हवा. फ्लायव्हीलवर त्यासाठी ‘टी’ अशी खूण कोरलेली असते आणि बाजूच्या झाकणातून ती दिसते. गफलत अशी, की क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा एक चक्र पुरे होते. त्यामुळे ‘टी’ची खूण दोनदा समोर येते. एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दुसऱ्या वेळी कॅमने दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे धरलेले असतात. अशा वेळी मोजणाऱ्याला फट शून्य दिसते, तो स्क्रू सैल करून फीलर गेज सरकेल इतकी जागा करतो, आणि प्रत्यक्षात फट कितीतरी पटींनी वाढते. इंजिन सुरू होताच डबा वाजवल्यासारखी खडखड ऐकू येते. झाकण परत उघडावे लागते, अर्धा दिवस जातो, पण इंजिन वाचते.

याच कामातली उलटी चूक बघा. फट जरुरीपेक्षा कमी राहिली तर इंजिन अधिकच शांत चालते. कान समाधानी. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, सीटवर पुरता टेकत नाही, आणि एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची कड हळूहळू जळते. एकाच स्क्रूचा पाव फेरा इकडे किंवा तिकडे. एक चूक मिनिटात ओरडून सांगते, दुसरी हंगामभर गप्प राहते. नवख्याला आवाजाची भीती वाटते. अनुभवी फिटर किंचित टिकटिकणारे इंजिन पसंत करतो, त्याचे कारण हे आहे.

तेलाच्या फिल्टरचेही असेच. होंडाच्या कित्येक इंजिनांत फिल्टर डब्याच्या रूपात नसतो. इंजिनाच्या पोकळीत बसणारा लहान नळकांडी फिल्टर असतो. त्याच्या एका तोंडाशी ‘आउट साइड’ असे इंग्रजीत छापलेले असते आणि मागे स्प्रिंग असते. फिल्टर उलटा घातला तरी झाकण बसते, बोल्ट लागतात, गळतीही होत नाही. तेलाची वाट मात्र अडते. इंजिन सुरू होते, नेहमीसारखा आवाज येतो. सर्वांत वर, कॅमशाफ्टपाशी तेल सर्वांत शेवटी पोचते. त्यामुळे आधी कोरडा पडतो तो कॅम. यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये यावर सोपी परीक्षा दिलेली असते: वरच्या बाजूचा तेलमार्गाचा बोल्ट किंचित सैल करायचा, इंजिन मंद चालवायचे आणि तिथे तेल झिरपते का पाहायचे. मिनिटभरात तेल दिसले नाही तर इंजिन बंद. काही तासांचा उशीर एका मिनिटावर आणणारी ही तपासणी आहे, आणि घरी ती क्वचितच होते, कारण त्या बोल्टचा तेल बदलण्याशी संबंध आहे हे ध्यानात येत नाही.

पहिल्या फेरीत

चूक माणूस गाडीवर बसेपर्यंत लपून राहते, तेव्हा यंत्राचे नुकसान आणि माणसाची इजा एकत्र येतात. हा टप्पा सर्वांत वाईट, म्हणून त्यावर जरा थांबू.

बहुतेक आधुनिक एटीव्हींत गिअर बदलावे लागत नाहीत. पट्टा आणि दोन पुल्या हे काम करतात. मराठी वाचकाला ही रचना अनोळखी नाही. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने ती आपल्याकडच्या रस्त्यांवर आणली आणि आज अॅक्टिव्हाच्या कुठल्याही मेकॅनिकला व्हेरिएटर म्हणजे काय ते विचारावे लागत नाही. पुढच्या पुलीच्या दोन तबकड्यांपैकी एक स्थिर, एक सरकणारी. मध्ये एक नळीसारखा बुश. वेग वाढला की रोलर बाहेर फेकले जातात, सरकती तबकडी स्थिर तबकडीकडे ढकलली जाते आणि पट्टा वर चढतो.

नवा पट्टा घालताना मागच्या पुलीच्या तबकड्या हाताने फाकवून पट्टा तिच्यात खोल दाबावा लागतो, म्हणजे पुढे ढिलाई मिळते. ही पायरी चुकली की पुढे पट्टा ताणलेला राहतो आणि स्थिर तबकडी बसवताना तिच्या आणि बुशच्या मध्ये चिमटला जातो. आता नट आवळा. टॉर्क रेंच ठरलेल्या आकड्यावर ‘टक’ करतो आणि सारे पुस्तकाप्रमाणे झाल्यासारखे दिसते. पण नटाने बुशला दाबलेलेच नाही. त्याने रबराला दाबले आहे. गाडी निघते, पट्टा वर सरकतो, रबर मधून निघून जाते आणि नटाखाली काही मिलिमीटरांची मोकळी जागा उरते. तबकडी क्रँकच्या खाचांवर डगडगू लागते आणि त्या खाचा सोलून काढते. खाचा गेल्या की क्रँकशाफ्ट बदलावा लागतो, म्हणजे सगळे इंजिन उघडावे लागते. मोजायच्या साधनाने खरा आकडा दाखवूनही चूक झाकली जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

हे ओळखायची खूण खोलण्यापूर्वीच घेऊन ठेवायची असते: नटाबाहेर क्रँकचे किती आटे दिसतात ते पाहायचे. जोडल्यावर तेवढेच दिसले पाहिजेत. शिवाय आवळल्यानंतर पुढच्या पुलीत पट्टा हाताने हलला पाहिजे. पुली काही फेरे हाताने फिरवून नट पुन्हा एकदा पाहिला की झाले.

ब्रेकचे पॅड बदलताना कॅलिपरचे पिस्टन मागे ढकलावे लागतात. नंतर पहिल्यांदा लिव्हर दाबला की तो थेट हँडलला टेकतो. चार-सहा वेळा दाबल्यावर पिस्टन पुढे येतात. पहिला दाब गॅरेजात पडला तर काहीच घडत नाही. ट्रेलरवरून गाडी खाली उतरवताना पडला तर थांबायला काही नसते. थ्रॉटलच्या केबलची चूक याच जातीची. हँडल उतरवून परत बसवताना केबल चुकीच्या बाजूने गेली, तर हँडल सरळ असताना सारे ठीक चालते. पूर्ण वळवले की केबल ताणली जाते आणि इंजिन स्वतःच रेस होते. वळणावर, नेमके नको तेव्हा. इंजिन मंद चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहणे, ही परीक्षा उभ्या गाडीवरच करता येते.

चाकांच्या नटांबद्दल एवढेच, की निमुळती बाजू रिमकडे असावी लागते. उलटा लावलेला नट आवळला जातो, पण कडेच्या बारीक वर्तुळावरच टेकतो आणि धक्क्यांनी सुटतो. अॅक्सलच्या खाचांच्या नटाला स्प्लिट पिन लागते. भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळतात, मागे सोडत नाहीत.

महिन्यांनी

इथे आट्यांचा विषय येतो. घरगुती दुरुस्तीतले सर्वांत नेहमीचे नुकसान हेच, आणि सर्वांत चुकीचे समजले जाणारेही.

एटीव्हीचे क्रँककेस अॅल्युमिनियमचे, बोल्ट लोखंडाचे. झाकणाच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. १५ सेंटिमीटरच्या पान्यावर वीस किलोचा जोर म्हणजे २९ न्यूटन-मीटर, जवळजवळ तिप्पट. आणि वीस किलो हा धडधाकट माणसाच्या हाताचा सहजगत्या लागणारा जोर आहे. शिवाय आवळायला लावलेल्या बळापैकी साधारण नव्वद टक्के घर्षणातच जाते: निम्मे बोल्टच्या डोक्याखाली, बाकीचे आट्यांत. बोल्ट ताणायला उरतात दहा टक्के. त्यामुळे घर्षण थोडे बदलले तरी ताण खूप बदलतो. ८ मिलिमीटरचा बोल्ट कोरड्या आट्यांवर २३ न्यूटन-मीटरने आवळला तर सुमारे १,४५० किलोचा ताण येतो. तोच आकडा, तोच रेंच, पण आट्यांना तेल लागलेले असेल तर ताण १,९५० किलोच्या घरात जातो. आकडा कोरड्या आट्यांसाठी दिला आहे की तेलकट, हे पाहिल्याशिवाय टॉर्क रेंच वापरणे म्हणजे अर्धीच काळजी घेणे.

जास्त आवळलेला बोल्ट बहुतेकदा त्या दिवशी तुटत नाही. अॅल्युमिनियमचे आटे थोडे दबतात, बोल्ट बसलेला राहतो. पुढच्या वर्षी तेल बदलताना ड्रेन बोल्ट सोडताच चकाकत्या धातूची स्प्रिंगसारखी गुंडाळी त्याच्याबरोबर बाहेर येते. त्या क्षणी ज्याच्या हातात पाना, तो स्वतःला दोष देतो. चूक मागच्या वर्षीची, कदाचित मागच्या मालकाची. दीर्घ उशीर असा दोषही भलत्याच्या माथी मारतो, आणि खरे कारण कोणीच शिकत नाही. गेलेले आटे हेलिकॉइल घालून सावरता येतात. भोक मोठे करायचे, नवे आटे पाडायचे आणि पोलादी वेटोळे बसवायचे. ते मुळापेक्षा मजबूत ठरते. पण भोक पाडताना उडालेला कीस इंजिनात राहिला, तर नव्या उशिराची सुरुवात तिथेच होते.

जपानी यंत्रांच्या क्रॉस स्क्रूंचे तर एक वेगळे प्रकरण आहे. ते दिसायला फिलिप्स स्क्रूसारखे, पण जपानी मानकाचे. खाचेचा आकार जरा निराळा आणि बऱ्याचदा डोक्यावर एक बारीक टिंब. अमेरिकी फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत पुरता बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच गोल करतो. कार्बोरेटरच्या बाउलचे स्क्रू याच कारणाने खराब होतात आणि दोष गंजाला दिला जातो.

हवेच्या फिल्टरची चूक सर्वांत लांब पल्ल्याची. फोमचा फिल्टर धुऊन, तेल लावून, पिंजऱ्यावर चढवून बसवतात. त्याची कड एका कोपऱ्यात दुमडली तर धुळीला थेट वाट मिळते. वाळूतला सिलिका सिलिंडरच्या लोखंडाहून कठीण असतो. रिंगा आणि भिंत दोन्ही घासत जातात. लक्षण दिसते ते तेल कमी होणे आणि निळसर धूर, तेही केव्हातरी. फिल्टर बसवल्यावर त्याच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावला आणि पुढच्या वेळी हवेच्या नळीच्या आतल्या बाजूवर बोट फिरवून पाहिले, तर बोटाला लागलेली माती सारे सांगते.

समुद्रकिनारी दोन गोष्टी वाढतात. खाऱ्या पाण्याने मळलेली गाडी जोरदार फवाऱ्याने धुण्याचा मोह होतो, आणि फवारा बेअरिंगच्या सीलवर थेट मारला की पाणी आत शिरते. बाहेरून चाक स्वच्छ, आत ग्रीसचे दूध झालेले. दुसरे, ब्रेकचे तेल. डॉट ४ जातीचे तेल हवेतला ओलावा शोषते. नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओले झाल्यावर १५५ पर्यंत उतरतो. अर्धवट वापरलेली बाटली कोकणच्या पावसाळ्यात कपाटात ठेवून पुढच्या हंगामात वापरणे म्हणजे ब्रेकमध्ये ओलावा ओतणेच. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचीही अशीच गत: पाणी ठरावीक प्रमाणाच्या वर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. हिवाळाभर उभी ठेवलेली एटीव्ही वसंतात सुरू होत नाही, आणि मालक कार्बोरेटर खोलतो. तिथून पुढच्या चुका सुरू होतात.

घरी हा उशीर का वाढतो

कारखान्यात किंवा चांगल्या वर्कशॉपमध्ये उशीर कमी करणाऱ्या गोष्टी असतात: दुसऱ्याचे डोळे, चाचणी फेरी, कामाचा कागद. घरी यांतले काही नसते. रीझनने आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे: वगळल्या जाणाऱ्या पायऱ्या बऱ्याचदा कामाच्या शेवटाकडच्या असतात, कारण मन तोवर पुढच्या कामाला लागलेले असते. घरच्या कामाचा शेवट रविवारी संध्याकाळी येतो. स्प्लिट पिन, क्लिप, झाकणाचा शेवटचा बोल्ट, ब्रेकचे पहिले दाब, सारे याच शेवटात पडते.

मात्र वर्कशॉप असले की प्रश्न सुटतो, असे समजण्याचे कारण नाही. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच सतरा हजार फुटांवर निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. तो वाचला. काच २७ तासांपूर्वी बदललेली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जरुरीपेक्षा कमी व्यासाचे निघाले, उरलेले सहा आखूड. बोल्ट जुन्याशी नजरेने जुळवून निवडले होते, आणि मुळात जुने बोल्टही बरोबर मापाचे नव्हते. नजरेने जुळवणे ही घरच्या गॅरेजातली रोजचीच रीत आहे. अमेरिकेत तर एकाच डब्यात इंची आणि मेट्रिक बोल्ट एकत्र पडलेले असतात. ५/१६ इंची जाड आट्यांच्या बोल्टचा व्यास ७.९ मिलिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या भोकात तो चालेल असे वाटते. पहिले दोन फेरे जातोही. पण त्याच्या आट्यांमधले अंतर १.४१ मिलिमीटर आणि भोकातल्या आट्यांचे १.२५. तिसऱ्या फेऱ्याला घट्ट लागते आणि माणूस लांब पाना शोधतो.

उशीर अलीकडे ओढणे

वरच्या विवेचनातून जागोजाग दिसले, की प्रत्येक उशिरा कळणाऱ्या चुकीवर काही मिनिटांची एखादी परीक्षा असते. तेल झिरपते का, हँडल वळवल्यावर इंजिन रेस होते का, आटे तेवढेच दिसतात का. कौशल्यवान माणूस या परीक्षा जोडणीचाच भाग मानतो. कॅम चेन बसवल्यावर तो क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो. कुठे अडले तर तिथेच थांबतो, सेल्फ मारून पाहत नाही. स्पार्क प्लग तो रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून फिरवतो, म्हणजे तिरका गेला की नळीच घसरते आणि अॅल्युमिनियमचे आटे वाचतात. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ ओढतो, पहिल्या फेरीनंतर रेघा जुळतात का पाहतो. लहान बोल्टांसाठी लहान टॉर्क रेंच ठेवतो. अर्धा इंची रेंचचा पट्टा बहुधा ४० न्यूटन-मीटरच्या आसपास सुरू होतो आणि १० वर तो ‘टक’ करणारच नाही, बोल्टच आधी तुटेल. आकडा इंच-पौंडात आहे की फूट-पौंडात हेही तो वाचतो, कारण दोहोंत बारापट फरक आहे.

काही उशीर मात्र घरच्या कुठल्याच परीक्षेने कमी होत नाहीत. वाकलेला ए-आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) तापवून सरळ केला, किंवा त्याचा तुटलेला जोड घरच्या वेल्डिंग मशीनने जोडला, तर तो त्या दिवशी उत्तम दिसतो आणि भारही पेलतो. थकव्याची चीर वेल्डच्या कडेला, हजारो धक्क्यांनंतर सुरू होते, आणि ती नजरेला दिसते तेव्हा चाक निखळायला फारसे उरलेले नसते. शिवाय वेल्डिंगआधी तो भाग क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसला असेल, तर आर्कच्या उष्णतेने आणि प्रकाशाने त्यापासून फॉसजीन हा विषारी वायू बनू शकतो. त्याचा त्रासही बऱ्याचदा काही तासांनी जाणवतो. स्टिअरिंगचा दांडा, टाय रॉड, ए-आर्म हे भाग वाकले असतील तर सर्व्हिस मॅन्युअल ते सरळ करायला सांगत नाही, नवा भाग घालायला सांगते.